यंत्राचे अलंकार

मोटारीचें बॉनेट उघडलें कीं आंत काळेंकुट्ट, तेलकट आणि धुळीनें माखलेलें कांहींतरी दिसणार, अशी सामान्य मनुष्याची अपेक्षा असते. परंतु मोटारीच्या हौशी मालकांचा एक वर्ग असा आहे कीं, ज्याला हीच जागा दिवाणखान्याइतकी शोभिवंत हवी असते. कारखान्यानें बसविलेले साधे बोल्ट काढून त्यांच्या जागीं रंगीत किंवा चकचकीत बोल्ट बसवावयाचे. इंजिनाच्या माथ्यावरील झांकण काढून आरशासारखें दुसरें लावावयाचें. रबरी नळ्यांवर पोलादी तारांची वेणी चढवावयाची. तेल पाहण्याच्या पट्टीची मूठ सुद्धां दागिन्यासारखी करावयाची, असें या हौसेचें स्वरूप आहे. ज्यांना तिचें वेड नाहीं त्यांना ती हास्यास्पद वाटते. गाडी रस्त्यानें जात असतां जें कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीं, त्याला अलंकार कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो.

प्रश्न रास्त आहे. मात्र हौस नवी आहे हा समज बरोबर नाहीं. यंत्राला अलंकार घालण्याची प्रवृत्ति यंत्राइतकीच जुनी असून तिच्या इतिहासाचे दोन साक्षीदार अहमदनगर शहराशीं, म्हणजे २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव धारण केलेल्या शहराशीं, निगडित आहेत. एक येथें ओतला गेला आणि दुसऱ्या राजधानींत जाऊन बसला. दुसरा सातासमुद्रांपलीकडे घडला आणि येथें येऊन विसावला. पहिला साक्षीदार तोफेचा आहे, दुसरा मोटारीचा. या दोघांमध्यें अलंकाराचा सर्व शास्त्रार्थ सांठविलेला आहे.

बुऱ्हाण निजामशहा पहिला याच्या कारकीर्दींत, इ. स. १५४९ सालीं, महंमद बिन हसन रूमी या ओताऱ्यानें अहमदनगर येथें एक अवाढव्य तोफ ओतली. ‘रूमी’ या उपपदावरूनच तो तुर्की मुलुखाकडील होता हें कळतें. ‘मलिक-इ-मैदान’, म्हणजे रणांगणाचा राजा, या नांवानें ती तोफ पुढें साऱ्या दख्खनेंत गाजली. तिची लांबी १४ फूट ४ इंच, तोंडाचा आंतील व्यास २ फुटांहून अधिक आणि वजन सुमारें ५५ टन मानलें जातें. घंटा ज्या जातीच्या धातूची ओततात, त्या तांबें व कथील यांच्या मिश्रणाची ती आहे. १६३२ सालीं ती परांड्याच्या किल्ल्यांतून विजापुरास नेण्यांत आली आणि तेथील शेरझा बुरुजावर ती आजही पाहावयास मिळते.

या तोफेचें तोंड सिंहाच्या जबड्याच्या आकाराचें आहे आणि त्या जबड्यांत हत्ती चिरडला जात आहे असा देखावा घडविलेला आहे. गोळा उडण्यासाठीं सिंहाच्या दातांची कांहींच आवश्यकता नव्हती. तरीही निजामशाही दरबारानें तेवढा धातु आणि तेवढे श्रम खर्चीं घातले. कारण तोफेचें काम केवळ गोळा फेकण्याचें नसून शत्रूच्या मनांत धडकी भरविण्याचेंही होतें. तथापि येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हा सिंह तोफेला मागाहून जोडलेला नाहीं. तोफ आणि सिंह एकाच धातूचे आहेत. ओताऱ्याच्या हातून दात बिघडले असते तर तोफही बिघडली असती, आणि आज कोणी ते दात उपटूं म्हणेल तर त्याला तोफच फोडावी लागेल. अलंकार आणि अवयव यांच्यांत येथें सांधाच नाहीं.

या अभेदानें तोफेचें एकदां संरक्षणही केलें. १८५४ सालीं साताऱ्याच्या कमिशनरनें ती विकून टाकण्याचा हुकूम दिला, तेव्हां सर्वांत मोठी बोली आली ती अवघ्या १५० रुपयांची! एवढ्या थोड्या रकमेसाठीं स्थानिक लोकांच्या आठवणींशीं जडलेली वस्तु घालवूं नये असा विचार होऊन विक्री पक्की करण्यांत आली नाहीं. मोडीच्या बाजारांत जिची किंमत दीडशें रुपये, ती तोफ टिकली ती तिच्या रूपामुळें व तिच्या नांवामुळें.

ओताऱ्याच्या युगानंतर यंत्रांच्या इतिहासांत एक क्रांति झाली, आणि तिचा संबंध प्रस्तुत विषयाशीं फार निकटचा आहे. पूर्वीं प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीप्रमाणें स्क्रूचे आटे पाडीत असे. त्यामुळें एका यंत्राचा बोल्ट दुसऱ्याला बसत नसे. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें आट्यांचें एकच प्रमाण सुचविलें आणि हळूहळू तें रूढ झालें. त्यापुढें यंत्र म्हणजे सुटे व अदलाबदल करण्याजोगे भाग आट्यांनीं एकत्र बांधलेले, अशी स्थिति झाली. दुरुस्तीची सोय झाली, ती तर खरीच. पण त्याबरोबर दुसरीही एक वाट उघडली. जो भाग मोडल्यावर बदलतां येतो, तो मोडला नसतांनाही केवळ हौसेखातर बदलतां येतो! सिंहाचे दात उपटतां येत नव्हते. बोल्ट मात्र कोणालाही काढतां येऊं लागला.

मोटारीच्या आरंभकाळीं इंजिनाला वेगळ्या शृंगाराची गरजच नव्हती. दिवे, नळ्या, तोट्या आणि रेडिएटर हीं पितळेचीं व तांब्याचीं असत, कारण हे धातु घडवावयास व डाख देऊन जोडावयास सोपे आणि लोखंडासारखे गंजणारे नव्हेत. तीं घासूनपुसून लख्ख ठेवणें हें शोफरचें नित्यकर्म असे. तें घासणें वरवर पाहतां दिखाऊपणाचें. पण त्यांत एक मर्म होतें. ज्याचा हात रोज प्रत्येक नळीवरून फिरतो, त्याला तिच्यावरील बारीकशी चीर सांपडते. लख्ख पितळेवर तेलाचा एक थेंब आला तरी तो दिसतो. त्या काळची झळाळी यंत्राचा दोष दाखवीत होती.

याच काळांत इंग्लंडांतील रोल्स-रॉईस कंपनीची ४०/५० अश्वशक्तीची मोटार पुढें आली. कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनीं १९०७ सालीं या जातीची एक गाडी अॅल्युमिनियमच्या रंगानें रंगवून घेतली, तिच्या दिव्यांना व इतर उघड्या सामानाला चांदीचा मुलामा दिला आणि तिला ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत, असें नांव दिलें. कारण तिच्या चालण्याचा आवाज जवळजवळ येतच नसे. परंतु केवळ चांदीवर विसंबून राहणारे हे गृहस्थ नव्हते. त्यांनीं गाडी लंडन व ग्लासगो या शहरांच्या दरम्यान पंधरा हजार मैल पळविली. इतक्या मोठ्या प्रवासांत ती एकदांच आपण होऊन थांबली, आणि ती सुद्धां पेट्रोलची एक लहानशी तोटी धक्क्यानें बंद झाली म्हणून! नंतर रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखालीं गाडी सर्व सुटी करून तपासली, तेव्हां झिजलेले भाग बदलण्याचा खर्च निघाला २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. चांदीचा मुलामा आणि हा हिशेब एकाच गाडीचे आहेत. अलंकार घालणारानें अंग उघडें करून दाखविण्याचीही तयारी ठेवली होती.

ही कीर्ति लवकरच महाराष्ट्रापर्यंत येऊन पोंचली. १९०८ सालीं ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नांवाची याच जातीची गाडी मुंबई-कोल्हापूर मार्गावरील कसोटींत उतरली. सह्याद्रीचे घाट चढून-उतरून तिनें ६२० मैलांची मजल पार पाडली आणि पुढें ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या पदरीं गेली. हिंदुस्थानांतील संस्थानिकांना या मोटारीचा जो लळा लागला, त्याची ही नांदी म्हणावी लागेल.

मालकांच्या हौसेला या सुमारास एक नेमकी जागा सांपडली होती. ती म्हणजे रेडिएटरचें टोपण. मूळचें साधें टोपण काढून तेथें आपल्या आवडीची एखादी बाहुली, पशु किंवा पक्षी बसविण्याची टूम निघाली. त्यांतल्या कित्येक बाहुल्या इतक्या बेंगरूळ असत कीं, आपल्या गाडीची शोभा जाते म्हणून रोल्स-रॉईसनेंच १९११ सालीं चार्ल्स साइक्स या शिल्पकाराकडून पंखासारखीं वस्त्रें मागें उडालेली सुप्रसिद्ध स्त्रीमूर्ति करून घेतली. दुसरीकडे अमेरिकेंत बॉइस नांवाच्या यंत्रज्ञाचें ‘मोटोमीटर’ प्रचारांत आलें. तेंही टोपणावरच बसे व दिसावयास देखणें असे. पण त्याच्या पोटांत उष्णतामापक असल्यानें इंजिन तापलें कीं नाहीं, हें चालविणाराला बसल्या जागेवरून कळे. एकाच टोपणाचे हे दोन अवतार शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे अलंकाराचे दोन वंश स्पष्ट होतात: एक नुसता मिरविणारा, दुसरा मिरवितां मिरवितां बातमी देणारा.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि या रुपेरी भुताचे अलंकार एका दिवसांत उतरले. ब्रिटिश सरकारनें सिल्व्हर घोस्टचे मिळतील तेवढे सांगाडे ताब्यांत घेतले. ऐटबाज सांटे काढून त्यांच्या जागीं पोलादी पत्र्यांचें चिलखत, वर फिरता बुरूज, बुरुजांत यंत्रतोफ आणि रेडिएटरपुढें उघडझांप करणारीं पोलादी दारें, असें नवें रूप तिला मिळालें. आंतील इंजिन मात्र जवळजवळ तेंच राहिलें. संस्थानिकाला लग्नाच्या वरातींतून नेणारें यंत्र अरबस्तानच्या वाळवंटांत सैनिकांना घेऊन धांवूं लागलें. अंगावरचें सर्व सोनेंनाणें उतरविल्यावरही ज्याची कर्तबगारी कमी झाली नाहीं, तेंच खरें यंत्र, असा निर्वाळा त्या युद्धानें दिला.

या चिलखती मोटारीचाच अहमदनगरशीं ऋणानुबंध जडला. महायुद्धानंतर अहमदनगरची छावणी चिलखती गाड्यांच्या शिक्षणाचें ठाणें बनली. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं वेगवेगळ्या संस्था एकत्र करून येथें आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभें राहिलें. आणि १९९४ सालीं येथें रणगाड्यांचें संग्रहालय स्थापन झालें. व्हॅलेंटाइन, माटिल्डा, चर्चिल, सेंचुरियन, भारतीय बनावटीचा विजयंता, जपानी व जर्मन गाड्या आणि युद्धांत जिंकून आणलेले पाकिस्तानी पॅटन यांच्या पंगतींत तेथें रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट चिलखती मोटारही उभी आहे. मलिक-इ-मैदान विजापुरास गेली, तेव्हां अहमदनगरनें एक अलंकृत यंत्र गमावलें. सुमारें साडेतीनशें वर्षांनीं अलंकार उतरविलेलें एक यंत्र त्याच शहराच्या संग्रहीं प्रतिष्ठेनें मांडलें गेलें.

बॉनेटखालील शृंगाराची खरी भरभराट मात्र युरोपांत नव्हे, तर अमेरिकेंत झाली. १९२०च्या दशकांत क्रोमियमचा मुलामा कारखान्यांच्या आवांक्यांत आला. निकेल काळवंडतें, पितळ रोज घासावें लागतें. क्रोमियम मात्र नुसतें पुसलें कीं पुन्हां झळकतें. १९३० सालीं कॅडिलॅक कंपनीनें आपलें सोळा सिलिंडरांचें इंजिन बाजारांत आणलें. केवळ यंत्रज्ञांनीं नव्हे, तर रूपकारांनींही डोळ्यांना सुखावेल असें मुद्दाम सजविलेलें तें पहिलें मोटार-इंजिन, असें मानलें जातें. काळें एनॅमल, घांसून उजळलेलें अॅल्युमिनियम आणि क्रोमियम यांची त्यांत सुरेख संगति होती. पण त्याच वेळीं विजेच्या तारा व नळ्या झांकणांखालीं लपविल्या गेल्या. येथें इतिहासानें एक वळण घेतलें. पितळेच्या युगांत झळाळी दोष दाखवीत होती. आतां ती दोषावर पडदा टाकूं लागली.

श्रीमंतांची ही कल्पना लवकरच कॅलिफोर्नियांतील तरुण कारागिरांच्या हातीं आली. जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तांत घेऊन, त्यांतलें अनावश्यक सामान काढून, त्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर भरधांव पळवावयाच्या, असा त्यांचा छंद होता. १९३७ सालीं या शर्यतींची वेळ मोजणारी संघटना तेथें स्थापन झाली. १९३२ सालापासून निघालेलें फोर्डचें आठ सिलिंडरांचें इंजिन हें या मंडळींचें आवडतें. त्यावर ते अॅल्युमिनियमचे नवे माथे बसवीत. हे माथे कारखान्याच्या माथ्यांहून देखणे होते, आणि त्यांनीं इंजिनाची शक्तिही वाढे. पुढें मात्र देखणेपणा शक्तीपासून वेगळा निघाला. माथ्यावरील नटांवर घुमटाच्या आकाराच्या क्रोमियमच्या टोप्या घालण्याची चाल पडली. या टोप्यांनीं वेग तसूभरही वाढत नसे. प्रदर्शनांत बॉनेट उघडल्यावर त्या झळकत, एवढेंच. १९४८ सालीं ‘हॉट रॉड’ हें मासिक निघालें आणि अशा सामानाचा व्यापार देशभर फोफावला. बॉनेटखालीं बसवावयाच्या शोभेच्या वस्तूंचा स्वतंत्र बाजार जगभर पसरला तो तेथून.

या बाजारांत आज काय काय मिळतें, याची यादी देण्याचें कारण नाहीं; परंतु बदलीच्या अलंकाराचा प्रश्न कोठें उत्पन्न होतो, तें समजून घेतलें पाहिजे. बोल्ट हा दिसावयास खिळ्याचा भाऊ. पण वस्तुतः तो एक ताणलेली स्प्रिंग आहे. तो आवळला म्हणजे किंचित् लांबतो आणि त्या ताणानें दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. म्हणून पोलादी बोल्टाच्या माथ्यावर ८.८ असे आंकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिल्या ८चा अर्थ असा कीं, तुटण्यापूर्वीं तो दर चौरस मिलिमीटरला सुमारें ८०० न्यूटन ताण सोसतो. दुसऱ्या ८चा अर्थ असा कीं, त्या ताणाच्या आठदशांशापर्यंत तो कायमचा लांबत नाहीं. त्याच्या जागीं निळ्या-तांबड्या रंगाचा अॅल्युमिनियमचा बोल्ट बसविला, तर तो साधारणतः इतका ताण सोसणार नाहीं. शिवाय तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. त्यामुळें इंजिन तापतां-निवतां त्याची पकड बदलते. वरचें एखादें पातळ झांकण धरून ठेवण्यास असा बोल्ट चालेल. इंजिन ज्यावर पेललें आहे त्या आधाराला तो लावणें म्हणजे घराच्या तुळईखालीं रंगीत बांबू उभा करणें होय.

इतर अलंकारांचेंही असेंच आहे. अॅल्युमिनियमवर रंग चढविण्यासाठीं जो थर तयार करतात, तो विजेला वाट देत नाहीं. म्हणून बॅटरीची तार जेथें इंजिनाच्या अंगाला जोडतात, त्या ठिकाणीं असा बोल्ट लावला कीं गाडी सुरूं होण्यास कुरकुर करते. उच्च प्रतीच्या पोलादी बोल्टाला क्रोमियमचा मुलामा देतांना धातूंत हायड्रोजन शिरतो. योग्य वेळीं भट्टींत तापवून तो बाहेर काढला नाहीं, तर बोल्ट ठिसूळ होऊन अवचित तुटतो. न गंजणाऱ्या पोलादाचा बोल्ट अॅल्युमिनियमच्या भागांत बसविला आणि त्यांत पावसाळी किंवा खारी ओल शिरली, तर बोल्ट चकचकीतच राहतो. झिजतें तें त्याच्या भोंवतालचें अॅल्युमिनियम. मुंबई-कोंकणच्या हवेंत हा अनुभव विशेष येतो. आणि रबरी नळीवर चढविलेली तारेची वेणी कितीही शोभली तरी आंतील रबर फुगलें अथवा तडकलें, हें ती कळूं देत नाहीं. यांपैकीं कोणताही दोष अटळ नाहीं; जाणत्या हातानें योग्य ठिकाणीं योग्य धातु वापरला तर हे सर्व टळतात. पण त्यासाठीं रंगाची निवड करण्यापूर्वीं त्या भागाचें काम ठाऊक पाहिजे.

महाराष्ट्राच्या अंगवळणीं यंत्राची सजावट पूर्वींपासून पडलेली आहे. दसऱ्याच्या दिवशीं मोटारीपासून छापखान्यापर्यंत प्रत्येक यंत्राला झेंडूच्या माळा आणि हळदकुंकू लाभतें. मात्र ही सजावट कोणत्याही भागाची जागा घेत नाहीं. माळ वरून घातली जाते आणि सुकली कीं उतरते. माळेखालचा बोल्ट जसाच्या तसा राहतो. शिवाय पूजेसाठीं गाडी धुतली, पुसली व न्याहाळली जाते, हा त्यांतला खरा लाभ.

कायद्याची दृष्टि आणि जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांची दृष्टि हीही याच मुद्द्यावर येऊन ठेपतात. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचें ५२वें कलम वाहनांत असा फेरबदल करण्यास मनाई करतें कीं, ज्यामुळें नोंदणीपत्रांतील तपशील मूळ बनावटीहून निराळे होतील. नटावरील टोपीला कोणी हरकत घेणार नाहीं. पण भागाच्या बदल्यांत भाग घालूं लागलें म्हणजे मर्यादा कोठें आहे, हें पाहावें लागतें. जुन्या गाड्यांचे पारखी तर याहून कडक. ज्या सालीं गाडी निघाली त्या सालचा साधा, काळवंडलेला बोल्ट त्यांना नव्या क्रोमियमहून मोलाचा वाटतो. कारण तो बोल्ट हाच त्या काळचा लेख होय. तो काढून फेंकला कीं इतिहासाचें एक अक्षर पुसलें गेलें. म्हणून शहाणा हौशी मनुष्य मूळचे भाग चिठ्ठी लावून डब्यांत जपून ठेवतो.

अलंकाराला यंत्राचें वावडें नाहीं. विजापूरच्या बुरुजावरील सिंह तो पुरावा पांच शतकें देत आला आहे. मोटारींतील सुट्या भागाला मात्र एक अट आहे: जो दागिना अवयवाची जागा घेईल, त्यानें अगोदर त्या अवयवाचें काम केलें पाहिजे, आणि त्याच्या झळाळीनें आंतील दोष लपतां कामा नये. बॉनेट उघडल्यावर डोळे दिपतात कीं नाहीं, हें शेजाऱ्यानें पाहावें. तेलाचा एक थेंब गळला तर तो दिसेल कीं नाहीं, हें मालकानें पाहावें.